खाडीच्या वाटेवरचं तळा

खुणा गावोगावच्या : लेखांक सातवा

पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, हे शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याच तहात १२ किल्ले शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखले. त्यांची नावं विचारली तर राजगड, तोरणा, रायगड, फार तर लिंगाणा इथवर आपली यादी जाते आणि थांबते. त्या बारांत तळगड होता. रायगड जिल्ह्यातल्या तळा या छोट्या तालुक्याच्या गावाच्या डोक्यावरचा, हजारेक फूट उंचीचा, माथ्यावर अरुंद आणि लांबट असलेला हा किल्ला. जून १६६५ मध्ये, मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत एकेका किल्ल्याचा हिशेब चालू असताना, हा हातचा सोडायचा नाही असं महाराजांनी ठरवलं.

दुसरी बारांची यादी अलीकडची. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत आपल्या जिल्ह्यातले दोन आहेत, रायगड आणि खांदेरी. तळगड नाही. याबद्दल रुसायचं कारण नाही. सगळ्याच किल्ल्यांना अशा यादीत जागा मिळत नसते. पण १६६५ च्या यादीत तळगड का होता, हे समजून घेतलं तर या गावात जपायचं काय आहे ते नीट कळतं. एकटा गड पाहून ते कळत नाही.

उत्तर पायथ्याशी नाही, पश्चिमेला आहे. गडाच्या माथ्यावरून तिकडे पाहिलं की मांदाडची खाडी दिसते. हीच खाडी पुढे राजपुरीच्या खाडीला मिळते आणि राजपुरीच्या तोंडावर समुद्रात जंजिरा उभा आहे. म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीला होड्यांतून आत, जमिनीच्या पोटात शिरायचं तर ही सरळ वाट. खाडी जिथे संपते तिथून तळा, पुढे इंदापूर-माणगाव, निजामपूर आणि मग सह्याद्रीचे घाट. रायगडही त्याच अंगाला. तळगड आणि शेजारचा घोसाळगड या दोघांनी मिळून ही वाट धरून ठेवली होती. सिद्दीशी ज्यांचं आयुष्यभर वैर, त्यांना हे दोन किल्ले सोडणं परवडणारं नव्हतं.

सिद्दीलाही गडाची किंमत कळत होती. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा संधी साधून सिद्दीने तळगडाला वेढा घातला. प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेल्याची बातमी आली आणि वेढा उठला. पुढे गड सिद्दीकडे गेला, १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांच्या काळात तो मराठ्यांनी परत घेतला, आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कोकणातले किल्ले एकामागून एक घेतले त्यात तो इंग्रजांकडे गेला. एवढा त्याचा राजकीय इतिहास. माझ्या मते त्यातला सगळ्यात बोलका प्रसंग १६५९ चाच आहे. जावळीच्या रानात जे घडलं त्याचा परिणाम दोन डोंगररांगा ओलांडून या खाडीवर झाला.

पण ही वाट किल्ल्याहून फार जुनी आहे. निदान दीड हजार वर्षांनी जुनी. त्याचा लेखी पुरावा तळा तालुक्यातच, खाडीकाठच्या कुडे गावाच्या डोंगरात आहे.

कुड्याची लेणी २६. कार्ल्यासारखी भव्य कमान, उंच गजपृष्ठाकार छत असं इथे काही मिळणार नाही, आणि पहिल्यांदा येणारे बरेच जण म्हणूनच थोडे हिरमुसतात. इथली चैत्यगृहं सपाट छताची आहेत. बाकीची बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या : पुढे ओसरी, आत एक दालन, त्याला लागून झोपायचा दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून दोन-तीनशे वर्षांत ती कोरली गेली. डोंगर खाडीकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे ओसरीत बसलं की समोर भरती-ओहोटीचं पाणी. पावसाळ्याचे चार महिने एका जागी काढणाऱ्या भिक्षूंना निवारा हवा होता आणि रोजच्या भिक्षेसाठी जवळ वर्दळीची वाटही हवी होती. ही जागा दोन्ही देत होती.

कुड्याचं खरं धन म्हणजे तिथले ब्राह्मी शिलालेख. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख एकत्र करून १८८१ मध्ये छापले, त्यात कुड्याचे लेखही आले. तेव्हापासून ते अभ्यासकांच्या हाताशी आहेत. तळ्यातल्या मुलांच्या कानावर ते अजून पडलेले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हे लेख राजांच्या पराक्रमाचे नाहीत. हे पैसे कोणी दिले याचे लेख आहेत.

सहावं लेणं घ्या. हे चैत्यगृह कुड्यातलं सर्वांत देखणं. दर्शनी भागावर हत्ती आणि भिंतींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. बुद्धमूर्ती मागाहून, काही शतकांनी आल्या. इथला लेख सांगतो की मांदव घराण्यातल्या खंदपालित नावाच्या महाभोजाच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सत्ताधीशाच्या, पदरी असलेलं एक कुटुंब होतं. वडील सुलासदत्त, आई उत्तरदत्ता, थोरला मुलगा सिवभूती लेखक म्हणजे कारकुनी पेशातला, धाकटा सिवम. लेणं सिवमने दिलं. त्याची बायको विजया आणि मुलगे यांच्या नावे दगडातलं मूर्तिकाम. खांब मुलींच्या नावे : सप्पा, सिवपालिता, सिवदत्ता, सुलासदत्ता. घरातल्या माणसांनी वर्गणी वाटून घेतली आणि प्रत्येकाचा वाटा दगडावर नोंदवला. चार बहिणींची नावं खांबांच्या देणगीपुढे दोन हजार वर्षांच्या आसपास टिकून आहेत. आजही कित्येक देवळांच्या देणगीफलकांवर बायकांची नावं नवऱ्याच्या नावामागे ‘सौ.’ होऊन येतात, हे आठवलं की सिवमच्या घराची थोरवी जास्त कळते.

बाकीचे दाते पाहा. सोमदेव नावाचा वैद्य. त्याचे वडीलही वैद्यच, आणि लेखात मुलगे-मुली सगळ्यांचा उल्लेख. भायिला नावाची एक ब्राह्मणी. तिचा नवरा ब्राह्मण असून बुद्धाचा उपासक, आणि तिने चैत्यगृह दिलं. माळी आहेत. सार्थवाह आहे, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा नेणारा पुढारी. शेठ आहे. प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रिया आहेत. आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे, महिक नावाचा, करहाकड गावचा. करहाकड म्हणजे आपलं कराड.

कराडचा लोखंडवाला मांदाडच्या खाडीशी काय करत होता? माल घेऊन आला होता, आणि येत-जात होता. देशावरचा माल घाट उतरून खाडीपर्यंत यायचा आणि होड्यांत चढायचा. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, चौलच्या दक्षिणेला मंदगोरा नावाचं बंदर येतं. काही अभ्यासक ते मांदाड असावं असं मानतात, काही आणखी दक्षिणेला शोधतात. तो वाद बाजूला ठेवला तरी महिकची नोंद पुरेशी आहे. त्याचा लेख, सार्थवाहाचा लेख, खाडी आणि तिच्यावर नजर ठेवणारा गड हे एकाच ओळीत मांडले की तळ्याचा इतिहास उलगडतो. महाभोजांचं घराणंही याच वाटेवर वाढलं असणार. घाटावर मावळातल्या बेडसे लेण्यातही एका महाभोजाच्या मुलीने, महारठिनी सामडिनिकेने, पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे.

आता जतनाकडे वळू, कारण या लेखमालेचा विषय तोच आहे.

आपल्याकडे इमारतींचं संरक्षण वेगवेगळ्या पातळ्यांवर होतं. पहिली केंद्राची. १९०४ च्या प्राचीन स्मारक जतन कायद्यापासून सुरू झालेली ही परंपरा १९५८ च्या कायद्यात आली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिची राखण करतं. कुड्याची लेणी या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंतीवर बदामात नाव कोरणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. दुसरी पातळी राज्याची, १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याची. तिसरी स्थानिक, नगररचनेच्या नियमांची. त्यात मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणून देशाला वाट दाखवली.

या सगळ्या पातळ्या ठिकाणं राखतात. एक लेणं, एक किल्ला, एक इमारत. त्यांच्याभोवती मीटर मोजून हद्द आखली जाते. तळ्यात राखण्यासारखी गोष्ट मात्र एक वाट आहे : खाडीतला उतरायचा धक्का, तिथून डोंगरातली लेणी, मग गड, मग गडाखालची बाजारपेठ आणि पुढे घाट. वाटेला कायद्यात जागा नाही. लेण्यांची हद्द संपली की खाडीकाठ मोकळा, आणि गडाची उतरण संपली की गाव मोकळं.

गडाचंच पाहा. खडकात खोदलेल्या पायऱ्या, मारुती असलेला हनुमान दरवाजा, माथ्यावर ओळीने खोदलेली पाण्याची टाकी, लक्ष्मी कोठार नावाने ओळखली जाणारी पडकी वास्तू, छप्पर नसलेलं महादेवाचं देऊळ, तट आणि बुरूज. खडकातलं काम टिकून आहे, बांधकाम ढासळतं आहे. पावसाळ्यानंतर हातात घमेली घेऊन गडावर चढणाऱ्या मुलामुलींबद्दल मला आदर आहे. तरीही तीन गोष्टी त्यांना सांगायला हव्यात. टाक्यातला गाळ नुसता उपसून कड्यावरून टाकायचा नसतो. त्यात खापरं, नाणी, तोफगोळे सापडू शकतात आणि कोणत्या थरात काय होतं हे एकदा हरवलं की परत मिळत नाही. म्हणून पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणकार माणूस आधी. तटात रुजलेला पिंपळ किंवा उंबर उपटायचा नसतो. मूळ ओढलं की दगडही येतो. झाड बुंध्याशी कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं. आणि जुन्या सांध्यांत सिमेंट भरायचं नाही. चुना पाणी शोषतो आणि सोडतो. सिमेंट पाणी आत कोंडतं, मग दरवर्षी थोडा थोडा दगडच फुटत जातो आणि सिमेंट तेवढं शाबूत राहतं. कोकणातल्या पावसात ही चूक लवकर अंगाशी येते.

गावातल्या जुन्या घरांची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. दगडी जोतं, पुढे पडवी, मग ओटी आणि माजघर, वर सागाची तुळई आणि कौलं. गडाखालच्या पेठेतलं असं घर ही त्याच वाटेची शेवटची खूण. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, तळा, माणगाव या सगळ्या पट्ट्यात एका दुपारी छपरं उडाली. पुढ्यात पावसाळा होता. लोकांनी मिळेल ते डोक्यावर घातलं, आणि ते बहुतेक ठिकाणी पत्रेच होते. त्यात त्यांना बोल लावता येणार नाही. पाऊस यायच्या आत घर झाकायचं असतं. पण एकदा कौल गेलं की वासे बदलतात, वासे बदलले की उंची बदलते, आणि दहा-पंधरा वर्षांत पडवी दुकानाच्या शटरमागे जाते. मालकाला जुनं घर राखायला ना अनुदान, ना सल्ला, ना साधी कौतुकाची पाटी. असं असताना त्याने ते राखावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

तळ्यात आता नगरपंचायत आहे, आणि इथे एक दार उघडं आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या २२ व्या कलमानुसार गावाच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या जागा व वास्तू जपण्याची तरतूद करता येते. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. आधी फक्त यादी हवी : कोणतं घर, साधारण कोणत्या काळातलं, जोत्याचा दगड कोणता, लाकूड कोणतं, आज कोण राहतं, काय मोडकळीला आलं आहे. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेची मोजमापं आणि आराखडे करून देऊ शकतात. महाराष्ट्रात अशी कामं ठिकठिकाणी झाली आहेत. याच यादीत मांदाडचा जुना धक्का, खाडीकडे उतरणाऱ्या पायवाटा आणि वाटेवरच्या विहिरीही याव्यात. कुड्याच्या डोंगराखाली शिलालेखांचं मराठी भाषांतर असलेला एक फलक लागावा आणि त्यावर सप्पा, सिवपालिता, सिवदत्ता, सुलासदत्ता ही चार नावं सगळ्यात वर असावीत. हे काम एका वर्षात होण्यासारखं आहे.

जुन्या ग्रंथांत शोधायला जाल तर एक व्यावहारिक सूचना. १८८३ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये हा सगळा मुलूख कुलाबा जिल्ह्याच्या खंडात आहे. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये आलं. कुड्याचा पत्ता बऱ्याच पुस्तकांत ‘तालुका माणगाव’ असाच सापडतो, कारण तळा तालुका त्यातूनच पुढे वेगळा झाला. प्रत्यक्ष जायचं तर मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळा. आधी गड चढा, वरून खाडी नीट पाहून घ्या आणि मग कुड्याला उतरा, म्हणजे महिकने माल घेऊन गाठलेलं पाणी कोणतं ते कोणाला विचारावं लागणार नाही. पुढच्या आठवड्यात याच खाडीच्या तोंडाशी, राजपुरीला जाऊ.