धुरा आपला आपणच घालायचा



आजचा विषय आहे माहितीचा पूर आणि आपली मर्यादा. सुरुवात आपल्या शेजारूनच करू. पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हाती आला. पुढे शाळा उघडल्या, पण तो हातातून सुटला नाही. म्हणून हा ठराव.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी वाट धरली. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा.

दोन्ही गावांचा हेतू चांगलाच आहे. पण फरक बघा. एका ठिकाणी मर्यादा लहानांवर आहे आणि ती घालणारे मोठे आहेत. दुसऱ्या ठिकाणी घालणारेही तिच्यात आहेत. मला दुसरा विचार जास्त पटतो. बाप जेवताना मोबाइल बघत असेल, तर पोराला सांगितलेला नियम किती दिवस टिकेल? तरी एक प्रश्न उरतोच. जिथे भोंगा नाही तिथे काय? रात्री अकरा वाजता, अंथरुणात, भोंगा कोण वाजवणार?

आता मुळाशी जाऊ. हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन विचारवंताने १९७१ मध्येच एक मुद्दा मांडला होता. माहिती वाढली की काहीतरी खर्च होतं, आणि खर्च होतं ते आपलं लक्ष. लक्ष मर्यादित आहे, दिवसाचे तास जसे मर्यादित आहेत तसं. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काळ्या जमिनीत पाणी कमी पडलं तरी पीक जातं आणि साचून राहिलं तरी मुळं सडतात. पाणी वाईट नसतं. कधी, किती आणि कुठल्या सरीत सोडायचं, हे कळावं लागतं.

पण इथे एक अडचण आहे. हे पाणी आपोआप थांबत नाही. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. मोबाइलच्या पडद्याला ते नाही. बोट सरकवत राहिलं की नवीन मजकूर येतच राहतो. ही रचना एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये केली. त्यात भर म्हणजे पुढच्या खेपेला काय येईल ते ठाऊक नसतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की पक्षी चोच मारणं सहजासहजी सोडत नाही. म्हणून कपाशीचा भाव बघायला मोबाइल उघडतो आणि पाऊण तासानंतर भान येतं. भाव बघायचा राहूनच गेलेला असतो!

मग मर्यादा घालणं म्हणजे स्वातंत्र्य गमावणं का? इमॅन्युएल कांटने याचं उत्तर दिलं आहे. मनात येईल तसं वागणं हे त्याच्या मते स्वातंत्र्य नाही, कारण तिथे इच्छा आपल्याला ओढत असते. विचार करून स्वतःला घालून दिलेला नियम पाळणं, ही स्वायत्तता. आपल्याकडे जैन परंपरेत श्रावकाचं दिग्व्रत आहे. अमुक दिशेला अमुक हद्दीपलीकडे जायचं नाही, असं तो स्वतः ठरवतो. आणि देशव्रतात तीच हद्द ठरावीक काळापुरती आणखी आखूड करतो. जगाला कुंपण घालता येत नाही, आपल्या फिरण्याला घालता येतं. मोबाइलला हे तंतोतंत लागू पडतं.

यात फक्त आपला वेळ पणाला लागलेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. कंपनीची मर्यादा पाचाची आहे. आपली किती? खात्री नसेल तर शून्य, असं मी म्हणेन. बोटाने पुढे ढकललेल्या संदेशाची जबाबदारी बोटाच्या मालकाचीच असते.

आता व्यवहाराचं बोलू. तीन धुरे पुरे आहेत.

पहिला वेळेचा. सकाळचा पहिला तास आणि रात्रीचा शेवटचा तास मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उशाशी ठेवून निग्रह करू नका, तो टिकत नाही.

दुसरा कामाचा. मोबाइल हातात घेण्याआधी मनात म्हणायचं, मी हे बघायला चाललो आहे. ते झालं की खाली ठेवायचा. सूचनांचे आवाज बंद करा. ज्याचं तातडीचं काम असेल तो फोन करेल.

तिसरा पुढे पाठवण्याचा. स्वतः पूर्ण वाचलं नाही, कुठून आलं ते ठाऊक नाही, तर पाठवायचं नाही.

कोणी म्हणेल, सर, मग आम्ही मागे पडू. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, परगावी शिकणाऱ्या लेकीची खुशाली, हे सगळं मोबाइलवरच तर आहे. ते सोडा, असं मी म्हणतच नाही. धुरा घातल्याने शेत कमी होत नाही. आपलं कुठवर आहे ते कळतं आणि मग त्यात नीट पेरता येतं.

नियम लहान घ्या, पण तुमचा तुम्ही घ्या. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. आणि मुलांना सांगण्याआधी आठ दिवस स्वतः पाळून बघा. मग कदाचित सांगावंही लागणार नाही.