तंजावरची दगडी खतावणी

रामेश्वरास निघालेला आपल्याकडचा यात्रेकरू वाटेत तंजावरास उतरतो, तो बहुधा अर्ध्या दिवसापुरता. बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे, एकाच शिळेतला भला थोरला नंदी पाहावा, शिखराकडे मान वर करून थक्क व्हावे आणि गाडी गाठावी, असा क्रम असतो. शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असेही कोणीतरी ऐकवतो. ती पडते, उन्हाच्या वेळी थोडे थांबणाऱ्यास ती दिसते. परंतु या देवळाचे खरे नवल त्या आख्यायिकेत नाही. ते जोत्यावर, आपल्या गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर कोरलेले आहे, आणि नेमके तेच पाहावयाचे राहून जाते.

प्रथम देवळाची ठेवण ध्यानात घेऊ. दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखरास विमान म्हणतात आणि आवाराच्या प्रवेशद्वारावरील मनोऱ्यास गोपुर. मदुरा किंवा श्रीरंगम् येथे गोपुरे आकाशास भिडतात आणि गाभारा त्यांच्या आड लपतो. तंजावरची रचना याच्या उलट आहे. येथे केरळांतकन् आणि राजराजन् ही दोन गोपुरे ओलांडून आपण आत जातो, आणि समोर सुमारे २०० फूट उंचीचे, तेरा तलांचे ग्रॅनाइटचे विमान उभे राहते. इ. स. ९८५ ते १०१४ या काळात राज्य करणाऱ्या पहिल्या राजराज चोळाने ते बांधविले. आपल्या राज्याच्या २५व्या वर्षी, म्हणजे १०१० साली, त्याने शिखरासाठी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कलश अर्पण केला.

आता जोत्याकडे वळू. राजराजाची आज्ञा अशी होती की, आपण दिले ते, आपल्या थोरल्या बहिणीने दिले ते, राण्यांनी दिले ते आणि इतरांनी दिले ते, सर्व या विमानावर कोरून ठेवावे. ही थोरली बहीण म्हणजे कुंदवै. स्वतःच्या नावाखालोखाल राजाने राण्यांच्याही आधी तिचे नाव घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे तमिळ लेख हुल्श या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाचून छापले, तेव्हा देवळाचा सारा कारभारच जगापुढे आला.

त्या कारभारातली तीन कलमे पाहू.

पहिले कलम दिव्याचे. एक नंदादीप अखंड तेवत ठेवावयाचा तर ९६ मेंढ्या किंवा ४८ गाई द्याव्या लागत. जनावरे धनगर-गवळ्यांकडे सोपवीत, आणि त्यांनी दिव्यापुरते ठराविक माप तूप रोज देवळात आणून घालावयाचे. म्हातारी मेंढी गेली तरी कळपाची संख्या भरून काढणे पाळणाऱ्याकडे. म्हणून हिशेबापुरता तो कळप कधी मरत नाही, कधी म्हातारा होत नाही.

दुसरे कलम पैशाचे. दान आलेली रोकड पेटीत पडून राहत नसे. ती गावोगावच्या सभांना कर्जाऊ देत आणि दर काशूमागे वर्षास एक अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा, व्याज घेत. पुष्कळदा ते भाताच्या रूपाने येई.

तिसरे कलम माणसांचे, आणि मन थांबते ते येथे. चोळमंडळातील निरनिराळ्या देवळांतून सुमारे ४०० नर्तकी तंजावरास आणून वसविल्या. प्रत्येकीचे नाव, ती मूळची कोणत्या देवळाची, तिची आळी आणि आळीतले कितवे घर, हे सर्व कोरलेले आहे. प्रत्येकीस एक वाटा, म्हणजे वर्षास १०० कलम भात. ती वारली किंवा परगावी गेली तर वाटा जवळच्या नातलगास. तो त्या कामास लायक नसेल तर त्याने लायक माणूस निवडून द्यावा. पुढे गायक, वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, हिशेबनीस यांचीही नोंद आहे. राजांची नावे सगळीकडेच सापडतात. हजार वर्षांपूर्वीची साधी माणसे घराच्या पत्त्यासह भेटावीत, असे स्थळ विरळा.

यानंतर मराठी माणसाने आवाराच्या नैऋत्येकडे जावे. तेथील भिंतीवरचा लेख त्यास दुभाष्यावाचून वाचता येईल, कारण तो मराठीत आहे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले. भोसल्यांची गादी तेथे १८५५पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास, शिवछत्रपतींच्या चरित्रासह, या भिंतीवर कोरविला. मात्र त्यापूर्वीच, १७९९ साली, राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. राजराजाने सत्तेच्या भरात हिशेब कोरविला. सरफोजींनी सत्ता गेल्यावर आठवण कोरविली. दोघांनीही विश्वास टाकला तो याच देवळाच्या दगडावर.

पण दगडही अमर नाही. तामिळनाडूत काही जुन्या देवळांचा जीर्णोद्धार करताना वाळूचा झोत मारून भिंती उजळल्या आणि त्या भरात शिलालेख झिजले. कोठे अक्षरांवर चुना बसला आहे, कोठे तेल. भाविकाने श्रद्धेने लावलेला हातही अक्षर थोडे थोडे पुसत असतो.

म्हणून तंजावरास जाल तेव्हा एक पुरा दिवस काढा. चपला बाहेर राहतात आणि दुपारी फरशी तापते. तेव्हा पहाटेच पोहोचा. दर्शन झाल्यावर जोत्याच्या कडेने सावकाश एक फेरी घाला. तमिळ अक्षर न कळले तरी, येथे मेंढ्या मोजल्या आहेत, येथे कोणा नर्तकीचे घर नोंदले आहे, एवढे मनात असू द्या. अक्षरांना हात लावू नका, त्यांवर कुंकू लावू नका, आणि बरोबरच्या मुलांना तो मराठी लेख मोठ्याने वाचावयास सांगा.