इंजिन बदललं, आता रेडिएटरचे पाईप कुठून न्यायचे?

जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणं आपल्याकडे नवं नाही. इंजिन माउंटवर बसतं, गिअरबॉक्स जुळतो, इंजिन चालूही होतं. (१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार या बदलासाठी आरटीओची परवानगी लागते, ते काम आधी उरका.) मग पाणी भरायची वेळ येते आणि लक्षात येतं, की रेडिएटरची तोंडं एकीकडे आणि नव्या इंजिनाची दुसरीकडे आहेत. मध्ये फॅन, अल्टरनेटर आणि सायलेन्सरचा तापणारा पाईप.

जागेची ही अडचण कंपन्यांनाही चुकलेली नाही. विलीजने १९५३मध्ये सीजे-३बी जीप आणली, तेव्हा तिचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. कंपनीने सरळ बोनेटच उंच केलं. महिंद्राने पुढे अनेक वर्षं बनवलेल्या जीपचा तो उंच चेहरा त्यातूनच आला. गॅरेजमध्ये ही चैन परवडत नाही. तिथे पाईपच वळवावे लागतात, आणि ते कसेही वळवून चालत नाही.

वरचा आणि खालचा पाईप

वरच्या होज पाईपमधून इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं. खालच्या पाईपमधून गार झालेलं पाणी वॉटर पंप ओढून घेतो. म्हणजे वरच्या पाईपवर आतून बाहेर दाब असतो, तर खालच्यावर पंपाची ओढ. खालचा पाईप मऊ असेल किंवा कुठे दुमडला असेल, तर जोरात रेस केल्यावर तो चपटा होऊन चिकटतो. गॅरेजमध्ये इंजिन संथ फिरत असताना सगळं ठीक दिसतं आणि घाट चढताना काटा वर जातो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं. म्हणून खालच्या पाईपला आत तारेची स्प्रिंग असलेला किंवा जाड भिंतीचा होज घ्यावा.

सरळ पाईप हाताने वाकवून बसवणं हा सगळ्यात वाईट उपाय. बाहेरून किंचित चेमटलेला दिसतो, पण आतली वाट त्याहून अरुंद झालेली असते. सुरळीसारखा, कुठेही वाकणारा होज त्यापेक्षा बरा. तरी त्याच्या वळ्यांमुळे प्रवाह अडखळतो आणि तो तोंडावर नीट बसत नाही. खरा उपाय म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा, कारखान्यातच तशी वळणं देऊन बनवलेला होज शोधणं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जाड तार घ्या, एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत हव्या त्या वाटेने वाकवा आणि ती घेऊनच स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तारेशी जुळणारा भाग ज्या होजमध्ये सापडेल तो घ्या, उरलेला कापा. दोन्ही तोंडांचा व्यास मोजून न्यायला विसरू नका, कारण ते सारखे असतीलच असं नाही.

वाट फारच वेडीवाकडी होत असेल, तर पाईपच्या मागे लागू नका. जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर त्याचं तोंड काढून डावीकडचं उजवीकडे डाखून देतो. मला विचाराल तर चार तुकडे आणि आठ क्लिपा जोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या रेडिएटरवर मात्र हे जमत नाही.

हवा कुठे अडकते?

गळका पाईप निदान खाली थेंब टाकून सांगतो तरी. अडकलेली हवा काहीच सांगत नाही. जागा नाही म्हणून वरचा पाईप एखाद्या वस्तूवरून उचलून पुन्हा खाली नेला, की त्या उंचवट्यात हवा साठते. बुटक्या बोनेटमुळे रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली बसला असेल, तर ती हवा थेट हेडमध्येच राहते. टेम्परेचरचा सेन्सर पाण्याऐवजी त्या हवेत असेल तर काटा भलताच खाली दिसतो आणि इकडे हेड तापून वाकत असतं. गास्केट उडाल्यावरच कळतं.

म्हणून वरच्या पाईपला इंजिनाकडून झाकणाच्या बाजूला सलग चढ हवा. ते शक्य नसेल, तर सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी बसवून प्रेशरचं झाकण तिच्यावर घ्यावं आणि उंचवट्यापासून तिच्यापर्यंत हवेसाठी बारीक नळी न्यावी. झाकणाचा दाबही पाहा. वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबावर साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, हे खरं. पण जुना रेडिएटर कमी दाबासाठी बनलेला असेल तर जास्त दाबाचं झाकण त्याचे डाख उघडेल.

दोन होज जोडायला लोखंडी पाईप वापरत असाल, तर त्याच्या टोकांना उभार कडा करून घ्या. गुळगुळीत टोकावरून होज गरम झाल्यावर सटकतो, क्लिप कितीही आवळा. आणि तो पाईप एकतर बॉडीला बांधा किंवा इंजिनाला, दोन्हींना नको. डिझेल इंजिन चालू-बंद होताना चांगलंच हलतं. ते हलणं रबराने झेलायचं असतं. फॅन आणि बेल्टपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा, तेही इंजिन हलेल हे धरून. सायलेन्सरच्या पाईपजवळून जावंच लागलं तर मध्ये पत्रा आडवा द्या. डिझेल किंवा ऑइल ठिबकत असेल तिथून होज नेऊ नका, त्याचं रबर फुगून मऊ पडतं.

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर असल्यास त्याचा कॉक उघडा, आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप गरम होईपर्यंत थंड इंजिनापासून सुरुवात करून सावकाश भरत राहा. एकदा तापल्यावर झाकणाला हात लावू नका. गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, कारण ती बहुधा उतरलेली असते. मग कोणालातरी रेस करायला सांगून खालच्या पाईपकडे नजर ठेवा, हात मात्र फॅनपासून लांब. पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन थंड असताना सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा. नवं रबर दबतं आणि क्लिप सैल होते.