गाडीच्या पोटाला पत्री

आमचे अब्बा नालबंद होते. बैलाच्या खुराला पत्री ठोकायची, हा त्यांचा धंदा. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन, आणि चार पायांना मिळून आठ पत्र्या. दोराने बैलाला अलगद आडवे पाडायचे, पाय बांधायचे, खूर तासून सारखा करायचा आणि मग बारीक खिळ्यांनी पत्री बसवायची. लहानपणी मी खिळ्यांची डबी धरून शेजारी बसत असे. अब्बा सांगायचे, “खिळा मेलेल्या खुरात गेला पाहिजे. जिवंत भागाला लागला, की बैल लंगडलाच म्हणून समज.”

पुढे मी बी. ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि अब्बांचा हातोडा कोनाड्यात पडून राहिला. त्यांचे ते वाक्य मला पुन्हा आठवले, ते परवा-परवा भाच्याच्या जीपखाली वाकून बघताना. आज त्या जीपच्याच पोटाविषयी बोलणार आहे.

आमचे मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत. बाजारात मराठी आणि कन्नड सारखीच ऐकू येते. रान काळे. पावसाळ्यात या मातीत गाडी रुतते आणि उन्हाळ्यात त्याच चिखलातल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. गाडीची चाके दोन चाकोऱ्यांत आणि मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला. त्या उंचवट्यात कुठे धोंडा असतो, कुठे तुरीचे धसकट. बैलगाडी त्यावरून निघून जाते, कारण तिच्या पोटात काही नसते. मोटारीच्या पोटात मात्र तिचा जीव असतो.

भाच्याने जुनी फोर व्हील जीप घेतली. पहाटे वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे, दिवसा खत, बियाणे, मजूर पोचवायचे. एका उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात गाडीखाली ‘ठण्ण’ असा आवाज झाला. दूध वेळेवर पोचवायचे होते, म्हणून तो थांबला नाही. थोड्या वेळाने तेलाचा लाल दिवा लागला. तरी त्याने दोन-तीन किलोमीटर गाडी ओढली. मग इंजिन जे जाम झाले, ते जागचे हलेना. इंजिन उतरवावे लागले. त्या खर्चासाठी माझ्या बहिणीच्या दोन बांगड्या गहाण पडल्या.

झाले काय होते? इंजिनाच्या तळाशी तेलाची एक परात असते. गॅरेजवाले तिला ‘चेंबर’ म्हणतात. इंजिनातले तेल तिथे साठते, पंप ते वर खेचतो आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागावर त्याचा पातळ थर देतो. हा थर असतो तोवर लोखंड लोखंडाला घासत नाही. चेंबर काही गाड्यांत पोलादी पत्र्याचे असते, काहींत ॲल्युमिनियमचे ओतीव. दगड लागला की पोलादी चेंबर पोचते आणि ओतीव चेंबर तडकते. तडकले तर तेल गळते, हे उघड आहे. पण नुसते पोचले, तरी धोका असतो. आत तेल खेचणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते. पोचलेला पत्रा तिला टेकला, तर चेंबरमध्ये तेल असूनही वर चढत नाही. म्हणून तेलाचा लाल दिवा लागला, की पुढच्या वळणापर्यंत, पुढच्या गावापर्यंत असा हिशेब करायचा नसतो. त्याच जागी इंजिन बंद करायचे असते.

चेंबरच्या मागे गिअरपेटी, फोर व्हीलची जोडपेटी, सायलेन्सरचा पाइप, ब्रेकच्या नळ्या आणि डिझेलची टाकी. हे सगळे जमिनीपासून वीतभर अंतरावर. जीप बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपला पेटीखाली मूळचाच एक पोलादी पत्रा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी ती जीप आपल्याकडे जोडायला घेतली. आज परदेशात शेतात आणि डोंगरात फिरवायच्या लहान उघड्या गाड्या मिळतात. चालक आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात, म्हणून त्यांना ‘साइड बाय साइड’ म्हणतात. अशा गाड्यांना पोटाखाली बहुधा पातळ प्लास्टिकचे आवरण असते. खडकाळ मुलखातले लोक ते काढून जाड पत्रा बसवतात. याला ‘स्किड प्लेट’ म्हणतात, म्हणजे घसरपत्रा. हे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या पत्र्याने दगड नुसता अडवायचा नसतो, गाडीला त्याच्यावरून घसरू द्यायचे असते.

इंजिन दुरुस्त झाल्यावर भाचा म्हणाला, “मामू, आता खाली पत्राच मारून घेतो.” एका वेल्डिंगच्या दुकानात त्याने चांगला जाड पत्रा घेतला आणि तो चॅसीला डागून टाकला. एका बाजूचा आधार गिअरपेटीच्या बोल्टला दिला. पत्र्याला एकही भोक नाही. काम मजबूत दिसत होते, पण त्यानंतर स्टिअरिंगपर्यंत थरथर येऊ लागली. तेल बदलायचे तर नट सापडेना, म्हणून बदलणे लांबत गेले. पुढे उसाच्या फडातून येताना पत्र्यावर पाचट साचले आणि ते सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला टेकले. गाडीतून धूर निघू लागला. मागे चार मजूर बसले होते. ते उड्या टाकून उतरले. जवळचे पाणी संपल्यावर भाच्याने दुधाचा एक कॅन खाली ओतला, तेव्हा कुठे ते विझले.

मग आम्ही एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा जॅक लावला, त्याच्या शेजारी लोखंडी स्टँड उभे केले, चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि मगच ते खाली शिरले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, हा त्यांचा पहिला धडा. बाहेर येऊन ते म्हणाले, “कवीसाहेब, हे इंजिन रबरावर बसलेलं असतं बघा. ते हलणारच की. हलणाऱ्याला बांधायचं नाही. मार खायचा तर चॅसीनं खायचा.”

मला अब्बाच बोलल्यासारखे वाटले. खिळा मेलेल्या खुरात, जिवंत भागात नाही. पत्र्यावर बसलेला घाव कुठेतरी पोचणारच. तो गाडीच्या हाडापर्यंत जावा, काळजापर्यंत जाऊ नये, यासाठी सगळी खटपट.

पत्रा कशाचा घ्यावा? साध्या पोलादाचा ३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो. ॲल्युमिनियमचा ५ मिलिमीटरचा साडेतेरा किलो. ‘साइड बाय साइड’ गाड्यांना एक जाड, गुळगुळीत प्लास्टिक लावतात, पॉलिथिलीनचाच एक कणखर प्रकार. त्याचा १२ मिलिमीटरचा तक्ता अकरा-सव्वाअकरा किलो. ते दगडावरून साबणासारखे सरकते आणि गंजत नाही. पण उन्हात पोलादाच्या दहापटीहून अधिक लांबते, म्हणून त्याला बोल्टची भोके लांबट ठेवावी लागतात आणि सायलेन्सरपासून ते दूर ठेवावे लागते. ॲल्युमिनियम हलके, पण धारदार दगडाने खरवडले जाते. पोलाद जड आणि गंजणारे. तरी मेस्त्रींनी आमच्यासाठी पोलादच निवडले, कारण ते वाकले तर गावातल्या गावात ठोकून सरळ करता येते. जिथे गाडी चालते, तिथे जे दुरुस्त होते, ते चांगले.

जुना पत्रा कापून काढला. नवा पत्रा चॅसीच्या मूळच्या भोकांत, आधाराच्या पट्ट्या लावून, बोल्टने बसवला. चॅसीला डाग दिला नाही, कारण त्या उष्णतेने डागाभोवतीचे पोलाद कमजोर होते. चेंबर आणि पत्रा यांच्यात दोन बोटे जागा सोडली. पत्रा दगडावर आपटून थोडा वाकला, तरी चेंबरला टेकू नये, यासाठी. पुढची कड होडीच्या नाळेसारखी वर वळवली. मागच्या पेट्यांसाठी दुसरा तुकडा होता. पुढच्या पत्र्याची मागची कड त्याच्या खालून घेतली. उलटे केले असते, तर सांध्याची कड दगडात अडकून पत्रा सोलला गेला असता.

तेलाच्या नटासमोर एक मोठे भोक पाडले. फिल्टरपाशी हात जाईल एवढी जागा सोडली. चिखल आणि पाणी उतरायला लांबट फटी ठेवल्या. बोल्टची डोकी पत्र्यात बुडतील अशी घेतली. बाहेर राहिलेले डोके दगडाने घासून जाते आणि मग तो बोल्ट पान्याने सुटत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने धरवले आणि मग थोडे-थोडे करत समोरासमोरचे आवळले. एकच बोल्ट पहिल्यांदा पक्का केला, तर बाकीची भोके जुळत नाहीत. “शंभर किलोमीटर झालं की परत आवळायला या,” असे सांगून मेस्त्रींनी आम्हाला सोडले.

इथे एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. शहरात पुढच्या बंपरवर लावतात तो बुलगार्ड वेगळा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले. पायी चालणाऱ्याला त्याची जबर इजा होते आणि गाडीच्या पुढच्या भागाने धक्का शोषायचा, ते कामही बिघडते. नव्या, एअरबॅग असलेल्या गाडीला पोटाखालचा पत्रा लावायचा, तरी तो त्याच गाडीसाठी बनवलेला असावा. दुसरे असे, की पत्र्याने गाडी उंच होत नाही, उलट पोट तीनेक सेंटिमीटर खाली येते. पत्रा लावल्याच्या भरात भाचा पहिल्या आठवड्यात दगडांवरून जोरात गाडी घालू लागला. मेस्त्री चिडले. “पत्रा मार खातो रे बाळा, रस्ता करत नाही,” म्हणाले. अजूनही तो अवघड जागी उतरतो, आधी चालून बघतो आणि मगच गाडी घालतो.

पावसाळा सरल्यावर आम्ही तो पत्रा पहिल्यांदा उतरवला. वर वाळलेला काळा चिखल घमेलेभर निघाला. तो तसाच राहिला असता, तर ओल धरून आतून गंज चढला असता. पत्रा धुऊन अंगणात भिंतीला टेकवला. त्यावर लांब-लांब ओरखडे होते आणि बरोबर चेंबरच्या खाली मुठीएवढी एक पोच होती. बहिणीने ती पोच बोटाने चाचपली. एक बांगडी तोवर सुटून आली होती, दुसरी अजून सोनाराकडेच होती. ती काही बोलली नाही. आत गेली आणि अब्बांचा हातोडा घेऊन आली. भाच्याने पत्रा फरशीवर पालथा घातला आणि ती पोच ठोकून सरळ केली.

तुमच्याकडे गाडी असेल, तर तिचा टप आणि काचा तुम्ही रोज पुसत असाल. एकदा गुडघ्यावर बसून तिच्या खालीही बघा. तेलाचा थेंब लोंबतो आहे का, कुठे नवी पोच आली आहे का, एखादा बोल्ट गळून पडला आहे का? पाच मिनिटांचे काम आहे.