मित्रांसोबत चप्पू बनवताय? आधी वजनाचं, वाऱ्याचं आणि परतीचं गणित समजून घ्या

नेवासा : प्रवरासंगम, टोका परिसरात जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठाला थर्माकोलचे चप्पू नवीन नाहीत. कोणी मासेमारीला वापरतं, कोणी पलीकडच्या शेतात जायला. नदीपलीकडे गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा इथली मुलं तर थर्माकोलवरून शाळेत जात होती. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

सुट्टीत चार मित्र जमले की आपणही एक चप्पू बांधावा, त्याला शीड लावावं, असं वाटणं साहजिक आहे. त्यात मजा आहेच, आणि निम्मी मजा तर बांधण्यातच आहे. पण चप्पू तरंगला म्हणजे तो सुरक्षित झाला, असं नाही.

किती वजन पेलतो?

एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि दोन इंच जाड थर्माकोलची शीट पूर्ण बुडाली की साधारण 25 लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे ती सुमारे 24 किलो वजन उचलते. अशा 16 शीट बांधून दोन मीटर लांब, एक मीटर रुंद चप्पू केला, तर हिशोब 400 किलोच्या आसपास जातो.

पण 400 किलो टाकले की चप्पू पाण्याच्या बरोबरीला येतो आणि छोटी लाटही वरून जाते. म्हणून निम्मंच वजन धरायचं. फळ्या, बांबू, सामान धरून 200 किलो, म्हणजे दोनच मोठी माणसं. तिसरा "मी पण येतो" म्हणाला तर त्याला काठावर थांबवायचं.

थर्माकोल उघडं ठेवू नका, ताडपत्रीत गुंडाळून दोरीने आवळा. नाहीतर त्याचे दाणे सुटून पाण्यात जातात आणि मासे ते खातात. पेट्रोल किंवा ऑइलपेंट लागला तर थर्माकोल विरघळतं, हेही लक्षात ठेवा. थर्माकोलऐवजी 20 लिटरचे रिकामे कॅन वापरता येतात. एक कॅन गळला तरी बाकीचे चप्पू धरून ठेवतात. एकाच मोठ्या ड्रमचं झाकण गळलं, तर सगळंच गेलं.

उलटतो कशामुळे?

अरुंदपणा आणि उभं राहणं, ही दोन मुख्य कारणं. रुंदी दुप्पट केली तर कलंडण्याला होणारा विरोध जवळपास आठपट वाढतो. म्हणून लांबीपेक्षा रुंदीवर खर्च करा. माणूस उभा राहिला की वजन वर जातं आणि चप्पू कलंडतो. बसूनच वल्हवायचं, जागा बदलायची तर एकेकाने.

शीड लावलं तर परत कसं यायचं?

दोन बांबू आणि ताडपत्री असली की शीड होतं. पण सपाट चप्पू वारा नेईल तिकडेच जातो. जाताना मजा येते, परत येता येत नाही.

वाऱ्याच्या विरुद्ध यायचं तर पाण्यात उभी फळी सोडावी लागते. ती चप्पूला आडवं सरकू देत नाही. मागे सुकाणू लागतं. तरीही सरळ वाऱ्यावर जाता येत नाही, नागमोडी वळणं घेतच पुढे सरकावं लागतं. ते शिकेपर्यंत सोपा उपाय म्हणजे आधी वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवत जायचं आणि येताना शीड उघडायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्यामुळे शिडाची दोरी बांधून ठेवू नका, हातात धरा. झोत आला की सोडून द्यायची.

घरी बनवलेली शिडाची होडी ही काही वेडगळ कल्पना नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची पावणेआठ फुटी होडी आखली. घरच्या घरी प्लायवूडची करता यावी, असाच तिचा आराखडा होता. आज जगभरातली मुलं तिच्यावर शिडाची होडी चालवायला शिकतात. तिलाही पाण्यात सोडायची फळी आणि बुडू न देणाऱ्या हवेच्या पिशव्या असतातच.

हे पाळाच

• प्रत्येकाला लाइफ जॅकेट. पोहता येणाऱ्यालाही. ट्रॅक्टरची ट्यूब हा त्याला पर्याय नाही.

• पहिली चाचणी कंबरभर पाण्यात, काठाला दोरी बांधून. शेततळ्यात नको, प्लास्टिक कागदावर पाय ठरत नाही आणि वर येता येत नाही.

• बंधाऱ्याजवळ जाऊ नका. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत शोधकार्य करणाऱ्या एसडीआरएफची बोट उलटून तीन जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित जवानांवर अशी वेळ येते, तिथे आपलं काय?

• आभाळ भरून आलं, वावटळ उठली की लगेच काठ गाठा. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले.

• चप्पू उलटला तर त्यालाच धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

• जायकवाडीचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे उतरण्याआधी वन विभागाला विचारा. भाडं घेऊन माणसं नेणं हा वेगळा विषय आहे, त्याला नोंदणी आणि परवाना लागतो.

• काठावर एक जण फोन आणि लांब दोरी घेऊन थांबलाच पाहिजे. अडचण आली तर 112 वर फोन करा. घरी सांगून निघा आणि दिवस मावळायच्या आत परत या.