गिअरबॉक्सचा जामीनदार

1993 साली मी पाटण तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. वडापसाठी जुनी जीप घेणाऱ्या एका तरुणाला मी कर्ज मंजूर केले. दोन जामीनदार, जमिनीचा उतारा, गाडीचा विमा, सारे कागद चोख होते. सातव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, जीपचा गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून जीप उभी, जीप उभी म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून माझ्या सहीची नोटीस. जीप विकून तो मुंबईला गेला. कर्जाची फाइल बंद झाली. माझ्या शिफारशीच्या टिपणात उत्पन्नाचा रकाना होता, गिअरबॉक्सचा नव्हता, ही गोष्ट मात्र मनात राहिली.

आज ती आठवायला कारण माझा डावा गुडघा. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आहे. मी कराडला, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई चिपळूणला. तिकडून फोन आला की कुंभार्ली घाट उतरावाच लागतो, तोही पुष्कळदा रात्री. तेव्हा ऑटोमॅटिक गाडी घ्यायचे ठरले.

चौकशी केल्यावर कळले, की ऑटोमॅटिक ही एकच जात नव्हे. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर तो आपल्याकडे आला. स्वस्त, पण गिअर बदलताना किंचित हिसका देणारा. सीव्हीटीत दोन पुलींवरून पट्टा फिरतो. चाल मऊ, मात्र ठरलेले तेलच लागते. दोन क्लचांच्या डीसीटीत एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. बदल झटपट होतो, पण कोरड्या क्लचची जात असेल तर रांगत्या गर्दीत आणि चढावर ती तापते. चौथा टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाची ताकद तो तेलाच्या प्रवाहातून पुढे देतो. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली त्याचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. यंत्र जड, पेट्रोल थोडे जास्त पिणारे. पण गाडी हलताना क्लच घासण्याचा प्रश्न त्यात येत नाही.

पुण्याचा मुलगा डीसीटीच्या बाजूचा. माझ्या ओळखीतले दोघे तिच्या नावाने बोटे मोडणारे. बँकेत एक गोष्ट शिकलो होतो : थकलेल्या खात्याची फाइल जाड असते, नियमित खात्याची पातळ. ज्याचा गिअरबॉक्स नीट चालतो, तो त्याविषयी बोलायला येत नाही. म्हणून केवळ तक्रारींच्या गलक्यावर निकाल देणे बरोबर नव्हे. तशी विक्रेत्याची ग्वाहीही पुरेशी नव्हे. कर्ज बुडवणाराही अर्ज भरताना हसतमुखच असतो.

निर्णय झाला तो पत्नीच्या प्रश्नाने. ती म्हणाली, "अहो, आई मागच्या सीटवर असताना रात्री घाटात बंद पडली, तर येणार कोण?"

प्रश्न बिनतोड होता. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून सुरू करता येत नाही. चालती चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेली, तर गिअरबॉक्स आणखी बिघडू शकतो; सपाट ट्रकच मागवावा लागतो. म्हणजे यंत्र किती वेळा बिघडते, एवढ्यावर भागत नाही. ते बिघडले तर मागे कोण उभे आहे, हेही पाहावे लागते. कर्जदार भला असला, तरी आम्ही जामीनदार मागायचोच.

मी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घेतली. किंमत जास्त पडली. वाढीव वॉरंटीचे पैसे वेगळे मोजले. त्यात गिअरबॉक्सचे कोणते भाग येतात, ते सहीपूर्वी ओळ न ओळ वाचले. तेल कधी बदलायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून डायरीत लिहिले. चढावर थांबताना गाडी अॅक्सिलरेटरवर न तोलता ब्रेकवर धरायची सवय लावून घेतो आहे. आणि एक छोटी मुदत ठेव केली आहे, केवळ गिअरबॉक्सच्या नावाने.

मुलगा हसला. त्याला जीपची गोष्ट ठाऊक नाही. त्या तरुणाच्या कर्जात असे चार पैसे बाजूला ठेवायला मी तेव्हा सांगितले असते, तर कदाचित त्याची जीप त्या पावसाळ्यानंतरही वडाप करत राहिली असती.