ठाण्याचे चार रक्तसाक्षी

ठाण्यात १३२१ साली चार परदेशी संन्यासी मारले गेले. ते जिथं पडले त्या जागेची माती लोक पुढे पाण्यात कालवून आजाऱ्याला पाजत. मुसलमान पाजत, मूर्तिपूजकही पाजत, आणि दुखणं पळतं असं म्हणत. ही नोंद पोर्देनोनेच्या ओदोरिकची. हा फ्रान्सिस्कन भटक्या त्या हत्येनंतर थोड्याच वर्षांत ठाणे बंदरात उतरला होता. चीनपर्यंत जाऊन परत इटलीत पोचल्यावर मे १३३० मध्ये पादुआच्या मठात त्यानं आपला प्रवास एका सहकाऱ्याकडून लिहून घेतला. ठाण्यात कबुतराएवढी वटवाघळं आहेत आणि मांजराला आवरत नाहीत असे दांडगे उंदीर आहेत, हेही त्यात आहे. घुशी पाहिलेल्या ठाणेकराला त्यात नवल वाटणार नाही.

ओदोरिकचं हे पान वाचल्यापासून कित्येक वर्षं मी त्या मातीपाशी अडकून आहे. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाची सुरुवात आपण पोर्तुगीजांपासून करतो. ही घटना पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधीची. खरं तर त्याहूनही मागं जाता येतं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं ‘कल्लियाना’ इथं पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय, आणि ते आपलं कल्याण असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओदोरिकच्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. ती सगळी नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेची. रोमच्या लेखी ते पाखंडी.

त्यांतल्याच एका घरात हे चौघे उतरले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. होर्मुझहून निघाले होते कोल्लमला जायला. जहाज मात्र त्यांना ठाण्याला घेऊन आलं. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा एक फ्रेंच डॉमिनिकन संन्यासी होता. तो बाप्तिस्मा देण्याच्या कामासाठी पुढे निघून गेला, म्हणून वाचला. त्याची दोन पत्रं आज उपलब्ध आहेत. ऑक्टोबर १३२१ चं पहिलं पत्र गुजरातच्या घोघा बंदरातून गेलेलं आहे आणि दुसरं ठाण्याहूनच. म्हणजे या प्रकरणाला दोन साक्षी आहेत. एक त्या वेळी जवळपास असलेला, दुसरा मागाहून ऐकून आलेला. ओदोरिकची हकीकत जास्त भरलेली आहे आणि तिच्यात चमत्कारही जास्त आहेत.

सुरुवात झाली घरातल्या भांडणातून. यजमानानं बायकोला बेदम मारलं. ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा काय, असं काझीनं विचारल्यावर ती म्हणाली, आमच्या घरी चार परदेशी साधू उतरलेत, त्यांनी पाहिलंय. साधूंना बोलावणं आलं. पीटरला सामान राखायला घरी ठेवून तिघे गेले. बाईची फिर्याद बाजूला राहिली आणि वाद धर्मावर घसरला. देवाला पुत्र कसा असेल, इथपासून सुरू झालेली चर्चा शेवटी काझीच्या एका थेट प्रश्नावर आली. आमच्या प्रेषितांविषयी तुमचं मत काय? थॉमसनं आधी टाळायचा प्रयत्न केला. काझीनं पुन्हा पुन्हा विचारलं. मग थॉमसनं जे उत्तर दिलं ते कुठल्याही श्रद्धावान मुसलमानाला सहन होण्यासारखं नव्हतं.

तिघांना उघड्या डोक्यानं उन्हात उभं केलं. एप्रिल महिना होता, एवढं सांगितलं की ठाणेकराला पुरे. मग शहराच्या मैदानात आग पेटवली आणि जेम्सला तिच्यात लोटलं. तो बाहेर आला. लोक म्हणाले, त्याच्या अंगावरचं वस्त्र अब्राहामाच्या देशातल्या लोकरीचं आहे, म्हणून जळला नाही. तेव्हा कपडे उतरवून, अंगाला तेल चोपडून त्याला पुन्हा लोटलं. तो पुन्हा बाहेर आला. आता मैदानातला जमावच ओरडू लागला, हे पवित्र लोक आहेत, यांना हात लावणं पाप आहे. मलिकनं, म्हणजे दिल्लीच्या सुलतानानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं, त्यांना सोडलं आणि खाडीपलीकडे पोचवलं. रात्री काझीनं मलिकचं मन फिरवलं. चार हत्यारबंद माणसं निघाली.

ओदोरिकच्या हकीकतीत मला सर्वांत खरी वाटते ती पुढची ओळ. मारेकरी त्या तिघांना म्हणतात, तुम्ही चांगली, पवित्र माणसं आहात, तुम्हाला मारणं आमच्या जिवावर येतंय, पण हुकूम मोडला तर आमची बायकामुलं मरतील. चमत्काराच्या गोष्टी संतचरित्रात घालणं सोपं असतं. मारेकऱ्यांची ही अगतिकता कुणी मुद्दाम रचेल असं मला वाटत नाही. ती तारीख ९ एप्रिल. दोन दिवसांनी पीटर सापडला. त्याला दिवसभर झाडाला लटकवून संध्याकाळी मारलं.

पुढचं थोडक्यात. सुलतानानं मलिकला दिल्लीला बोलावून जाब विचारला आणि देहदंड दिला, असं ओदोरिक सांगतो. काझी पळाला. जॉर्डनसनं प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. ओदोरिकनं आल्यावर ती हाडं उकरली, कापडात गुंडाळली आणि चीनमधल्या झैतून बंदरातल्या, म्हणजे आजच्या च्वांचौमधल्या, आपल्या संघाच्या मठात नेऊन ठेवली. वाटेत वारा पडला तेव्हा त्यानं एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि जहाज चालू लागलं, हीही त्याचीच हकीकत.

आता प्रश्न असा की हे चौघे पवित्र कशामुळे? ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे पावित्र्य देवाचं. माणसाला ते कृपेनं मिळतं आणि त्यानं त्याला होकार द्यायचा असतो. पौलाच्या पत्रांत साध्या श्रद्धावंतांनाही ‘पवित्र जन’ म्हटलेलं आहे. काही माणसांना वेगळं काढून वंदन करण्याची चाल पडली ती रक्तसाक्ष्यांपासून. दुसऱ्या शतकात स्मर्णाचा बिशप पॉलिकार्प मारला गेला तेव्हा लोकांनी त्याची हाडं गोळा केली आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. कचेरी नव्हती, अर्ज नव्हता. पोपनं रीतसर संत जाहीर करण्याचा पहिला लेखी दाखला थेट ९९३ सालचा. तेराव्या शतकात तो अधिकार पोपकडेच राखून ठेवला गेला, १५८८ मध्ये त्यासाठी खातं निघालं, सतराव्या शतकात नियम कडक झाले. आज वीरोचित सद्गुणांचा एक मार्ग आहे, रक्तसाक्षीचा दुसरा, आणि २०१७ पासून दुसऱ्यांसाठी जीव वेचण्याचा तिसरा. रक्तसाक्ष्याला ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीचा, ठरण्यासाठी चमत्काराची अट नाही. मरण हीच त्याची साक्ष.

मात्र मरण नेमकं कशामुळे आलं हे चर्च बारकाईनं पाहतं. श्रद्धेच्या द्वेषामुळे मारलेला तो रक्तसाक्षी. मुद्दाम डिवचून मरण ओढवून घेणारा नव्हे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेनं ठरवून टाकलं होतं, की मूर्ती फोडताना कुणी मारला गेला तर त्याचं नाव रक्तसाक्ष्यांत घालायचं नाही. शुभवर्तमानात असं करायला कुठं सांगितलेलं नाही, हे त्यामागचं कारण. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

मग थॉमसचं काय? त्याच्या संघाची स्वतःची शिस्तही इथं आडवी येते. फ्रान्सिसनं १२२१ च्या नियमावलीच्या सोळाव्या प्रकरणात मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन रीती घालून दिल्या होत्या. पहिली, वाद नाही, भांडण नाही, देवाखातर सगळ्यांच्या अधीन राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करायचं. दुसरी, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघड बोलायचं. फ्रान्सिस स्वतः १२१९ मध्ये दमिएत्ता इथं सुलतान अल्-कामिलला भेटून धडधाकट परत आला. उलट १२२० मध्ये मोरोक्कोत त्याच्या पाच बंधूंनी उघड निंदा केली आणि ते मारले गेले. ठाण्याचं प्रकरण या दोहोंच्या मधलं. हे तिघे स्वतःहून काझीपुढे गेले नव्हते, मार खाल्लेल्या एका बाईची साक्ष द्यायला गेले होते. थॉमसचं उत्तर कठोर होतं आणि ते तसं नसतं तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. तरी प्रश्न त्याचा नव्हता. त्याला कोपऱ्यात गाठून विचारला गेला होता. उन्हात उभं राहायची पाळी आली ती त्या बाईकडे पाठ न फिरवल्यामुळे, आणि त्यांच्या पावित्र्याचा हिशेब मी तिथूनच धरतो.

रोमला घाई नव्हती, आणि त्याचं कारण ठाण्यापेक्षा युरोपात जास्त आहे. थॉमस काही नवखा तरुण नव्हता. ख्रिस्ताप्रमाणे संन्याशानं पूर्ण निष्कांचन राहावं या आग्रहापायी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना त्यांच्याच संघानं कितीतरी वर्षं तुरुंगात टाकलं होतं. सुटल्यावर त्यांना आर्मेनियाला पाठवलं. चीनमधून माँते कोर्विनोच्या जॉननं धाडलेली पत्रं पोपपर्यंत पोचवणारा तोच. इकडे दारिद्र्याचा वाद पेटतच गेला. पोप बाविसावे जॉन यांच्या काळात, ७ मे १३१८ रोजी, मार्सेयमध्ये चार फ्रान्सिस्कनांना पाखंडी म्हणून जाळण्यात आलं. तीन वर्षांनी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मेले. १३२३ मध्ये, ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं म्हणणं हेच पाखंड, असा फतवा त्याच पोपनं काढला. अशा वेळी त्या कडव्या गटातल्या माणसाला वेदीवर कोण बसवणार? मोरोक्कोच्या पाच जणांनासुद्धा १४८१ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हा पोप स्वतः फ्रान्सिस्कन होता.

मात्र सिएनानं वाट पाहिली नाही. तिथल्या फ्रान्सिस्कन मठाच्या भिंतींवर अँब्रोजिओ लोरेंझेत्तीनं ही घटना रंगवली, असं कलेतिहासाच्या अनेक अभ्यासकांना वाटतं. काहींच्या मते ती दुसऱ्या जागेची आहे. पंधराव्या शतकात शिल्पकार गिबेर्तीनं ही चित्रमाला पाहिली होती आणि तिचं वर्णन केलं. झाडाला लटकवलेला संन्यासी, शिरच्छेद, आणि लगेच कडकडाट, गारा, वाकलेली झाडं, धरणीकंप. ओदोरिकच्या हकीकतीतही हत्येनंतर असंच वादळ येतं, आणि सिएनाचा पीटर झाडालाच लटकवला गेला होता. भिंतीवरची ती चित्रं बहुतेक नष्ट झाली. शिल्लक आहे त्यात बघ्यांच्या गर्दीत टोकदार टोप्यांचे, मध्य आशियाई चेहऱ्याचे लोक दिसतात. चित्रकारानं ठाणं पाहिलेलं नव्हतं. पूर्वेकडचा जो चेहरा त्याला ठाऊक होता तो त्यानं दिला. तरीही चौदाव्या शतकातल्या युरोपात ठाण्याचं चित्र काढलं गेलं असेल, तर ते हेच.

शेवटी १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी मान्यता दिली, तीही एकट्या थॉमसला. जिथं लोक आधीपासून वंदन करत आले आहेत तिथल्या वंदनावर रोमनं शिक्कामोर्तब करायचं, अशा रीतीनं हे झालं. टोलेंटिनो गावानं आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलं होतं. संतपणाला देवाची कृपा लागते हे खरंच. पण ते पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचायला आठवण ठेवणारं गावही लागतं.

वसईच्या गोन्सालो गार्सियाकडे पाहिलं की हे पटतं. वसई आता पालघर जिल्ह्यात गेली तरी माझ्या पिढीला ती ठाणे जिल्ह्यातलीच वाटते. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, जन्म १५५६-५७ च्या सुमारास. जपानमध्ये जेझुइटांबरोबर धर्मशिक्षकाचं काम, नंतर व्यापार, मग मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात प्रवेश. याजक नव्हे, साधा बंधू. जपानी उत्तम यायची म्हणून १५९३ मध्ये त्याला दुभाषा म्हणून परत जपानला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १६२७ मध्ये धन्यवादित, १८६२ मध्ये संत. भारतात जन्मलेला पहिला. आज वसईत गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, त्याच्या नावानं कॉलेज आहे.

देमेत्रियसही दुभाषाच होता, आणि साधा बंधूच. जॉर्जियाचा, पूर्वेकडच्या भाषा जाणणारा. काझीचा प्रश्न थॉमसला कळला आणि थॉमसचं उत्तर काझीला कळलं, ते बहुधा याच्याच तोंडून. तसं असेल तर त्या सभेत धोका सर्वांत आधी त्याला कळला असणार. भाषांतर करताना उत्तर सौम्य करून सांगणं त्याच्या हातात होतं. त्यानं तसं केलं नाही, नाहीतर पुढचं घडलंच नसतं. त्याच्या मागे सिएना नव्हतं, टोलेंटिनो नव्हतं, वसई नव्हती.

आणि ज्या पंधरा घरांतल्या एकात त्याला आसरा मिळाला ती तर रोमच्या यादीबाहेरचीच. इतक्या शतकांनंतर पूर्व सिरियाक उपासनापरंपरेचा, रोमशी जोडलेला सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ मध्ये कल्याणच्याच नावानं स्थापन झाला. लिबियात मारल्या गेलेल्या एकवीस जणांना, बहुतेक सगळ्या कॉप्टिकांना, पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये रोमच्या रक्तसाक्ष्यांच्या ग्रंथात जागा दिली. २०२४ मध्ये त्यांनी पूर्वेकडच्या चर्चचा सातव्या शतकातला बिशप, निनवेचा इसाक, याचंही नाव त्यात घालण्याचं जाहीर केलं. परंपरेबाहेरच्या माणसांना आत घेण्याचा रस्ता आता खुला झालेला आहे. देमेत्रियस, जेम्स आणि पीटर तर रोमच्याच संघातले, मग त्यांचा प्रस्ताव नेण्याचा हक्क ठाणे-कल्याणच्या धर्मग्रामांइतका दुसऱ्या कुणाचा नाही. प्रस्तावासाठी लोकवंदनाचा पुरावा लागतो. सातशे वर्षांपूर्वी मुसलमान आणि मूर्तिपूजक ठाणेकरांनी ज्या मातीत औषध पाहिलं, तिची लेखी नोंद उपलब्ध आहे.